कादंबरीत आवाज बदलला की वाचकाचं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कादंबरीच्या ड्राफ्टमध्ये चार आवाज आहेत. मुलगी 'मी' म्हणून सांगते, मोठ्या भावाचे चॅप्टर तृतीयपुरुषी आणि वर्तमानकाळात आहेत, मधे मधे वारलेल्या आईची जुनी पत्रं येतात, आणि एक अख्खं प्रकरण कोर्टातल्या साक्षीच्या प्रश्नोत्तरांचं आहे. ड्राफ्ट दोघांना वाचायला दिला, एकाने तिसऱ्या प्रकरणातच सोडला, दुसरीला नेमके हेच बदल सगळ्यात आवडले. तर वाचकावर याचा परिणाम नक्की काय होतो, आणि हे असंच ठेवावं की सगळं एका आवाजात आणावं?

मी संपादनाच्या बाजूने बोलतोय. हस्तलिखितं वाचणं, लेखकाशी वाद घालणं आणि त्यातून पुस्तक काढणं हे माझं काम, समीक्षा हा माझा प्रांत नाही. त्यामुळे आधीच सांगून टाकतो, तुमचे दोन्ही वाचक बरोबर आहेत, आणि दोघांना खूश करायला म्हणून मधला मार्ग काढू नका, दोघंही हातचे जातील.

आवाज बदलला म्हणून कोणी पुस्तक सोडत नाही. नवा आवाज आला, त्याच्याशी जुळवून घ्यायला डोकं लावलं, आणि चार पानांनी लक्षात आलं की यात जुन्या आवाजाने सांगता आलं नसतं असं काहीच नाही, तिथे वाचक सुटतो. बाकी सगळे मुद्दे म्हणजे टाइपफेस कुठला, नाव वर टाकायचं का, काळ कुठला, हे सगळं याच्यानंतरचं.

डोकं लावावं लागतं हे मी उगाच म्हणत नाहीये. वाचताना मनात काय चाललेलं असतं यावर मानसशास्त्रवाल्यांनी बरंच काम केलंय. रॉल्फ झ्वान आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एक मॉडेल मांडलं, त्याचं सार असं की गोष्ट वाचताना आपण काळ, जागा, पात्र, कार्यकारण आणि पात्राचा हेतू अशा पाच गोष्टींचा माग एकाच वेळी ठेवत असतो, आणि यातला एखादा धागा तुटला की मनातलं चित्र परत जुळवावं लागतं, म्हणून वाचायचा वेग कमी होतो. आता तुमच्याकडे मुलीकडून भावाकडे जाताना काय होतं बघा. सांगणारा बदलला, 'मी'चा 'तो' झाला, भूतकाळाचा वर्तमानकाळ झाला, बहुतेक जागाही बदलली. एका पानाच्या वळणावर चार-चार धागे तुटले. तुमचा पहिला वाचक तिसऱ्या प्रकरणात गेला यात मला तरी काहीच नवल वाटत नाही.

पण वेग कमी होणं म्हणजे वाईटच असं मात्र नाही. कॅनडातल्या अल्बर्टा युनिव्हर्सिटीचे डेव्हिड मायल आणि डॉन क्विकन यांनी १९९४ मध्ये दाखवलं की कथेतल्या ज्या भागात शैली जास्त ठळक असते, म्हणजे ध्वनी, वाक्यरचना, प्रतिमा नेहमीपेक्षा वेगळ्या असतात, तिथे वाचक हळू वाचतो आणि तेच भाग त्याला जास्त लक्षवेधी वाटतात, भावनाही तिथेच जास्त जाग्या होतात. म्हणजे बाहेरून बघितलं तर दोन्हीकडे वाचक रेंगाळलेलाच दिसतो. एक रेंगाळतो कारण 'हा कोण बोलतोय' ते शोधतोय, आणि दुसरा रेंगाळतो कारण वाक्य त्याला सोडवत नाहीये. लेखकाचं काम एवढंच की पहिलं रेंगाळणं चार ओळींत संपवायचं आणि दुसरं जितकं वाढवता येईल तितकं वाढवायचं. बहुतेक ड्राफ्टमध्ये नेमकं उलटं असतं, कोण बोलतंय ते दीड पान कळत नाही आणि कळल्यावर भाषा एकदम सपाट.

कोण बोलतंय ते पटकन कळवायला मराठीत आपल्याला एक आयतं साधन आहे आणि लोक ते वापरतच नाहीत. 'मी गेले' म्हटलं की बाई, 'मी गेलो' म्हटलं की पुरुष, विषय संपला. पण उलटाही खेळ जमतो. 'मी पाहिलं', 'मी सांगितलं', 'मी दार लावलं' यात सांगणारा कोण ते क्रियापद सांगत नाही, कारण तिथे क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. म्हणजे प्रकरणाच्या सुरुवातीला बोलणारा लपवायचा असेल तर सकर्मक भूतकाळात राहा, आणि उघड करायचा असेल तर पहिल्याच वाक्यात बोलणाऱ्यालाच 'आले', 'बसलो', 'म्हणाले' असं काहीतरी करायला लावा. दुसरं साधन नात्याचं. एकाच माणसाला मुलगी 'बाबा' म्हणते, बायको 'हे' म्हणते, भाऊ 'दादा' म्हणतो, ऑफिसातला माणूस 'साहेब' म्हणतो. प्रकरणाच्या दुसऱ्या ओळीत हा एक शब्द आला की वर मोठ्या अक्षरात नाव छापायची गरजच उरत नाही.

आता मुख्य गोष्ट, आवाज वेगळा म्हणजे काय. नव्या लेखकांचा समज असा असतो की एका पात्राला इंग्रजी शब्द द्यायचे, दुसऱ्याला बोली द्यायची, तिसऱ्याला शिव्या द्यायच्या, झाले तीन आवाज. हे म्हणजे एकाच नटाने टोप्या बदलून तीन भूमिका करण्यासारखं आहे, पाच मिनिटं गंमत वाटते. तुमच्याच कादंबरीतला प्रसंग घेऊन दाखवतो, वाक्यं माझी आहेत. आईचं बंद कपाट उघडतात तो प्रसंग. साधारण ड्राफ्टमध्ये हे असं येतं:

मुलगी: 'आईचं कपाट उघडलं आणि मला खूप भरून आलं. तिच्या कपड्यांचा वास आला आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं.'

भाऊ: 'कपाटाचं दार उघडताच त्याच्या मनात कालवाकालव होते. आईच्या कपड्यांच्या वासाने त्याला गलबलून येतं.'

व्याकरण बदललं, पण माणूस तोच. दुसऱ्यांदा वाचताना वाचकाचा हात पानं उलटायला लागतो. आता हे बघा:

मुलगी: 'किल्ली दादाकडे होती. म्हणजे इतके दिवस त्याच्याकडेच होती, आणि मी खाली बसून हेअरपिनने कुलूप उघडायला बघत होते तेव्हा तो शेजारच्या खोलीत शांतपणे फोनवर बोलत होता. कपडे सगळे तसेच. फक्त वरच्या कप्प्यातली एक घडी उलटी.'

भाऊ: 'तो किल्ली लावतो. दार अडकतं. जरा उचलून ओढल्यावर उघडतं, बिजागरी गेलीय. बदलायला हवी. मग त्याच्या लक्षात येतं की हे कपाट आता कोणालाच नको आहे.'

दोघांपैकी एकानेही 'मला वाईट वाटलं' म्हटलेलं नाही. मुलगी हिशोब ठेवते, कोणाकडे काय होतं, काय हललंय. भाऊ वस्तू दुरुस्त करतो, भावना त्याला मागच्या दाराने गाठते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलीचं वाचल्यावर आपण भावावर संशय घेतो आणि भावाचं वाचल्यावर तो संशय डळमळतो पण पूर्ण जात नाही, कारण किल्ली त्याच्याकडे का होती ते त्यानेही सांगितलेलं नाही. हा जो वाचक मधे उभा राहून दोघांचं ऐकून स्वतः ठरवायला लागतो ना, आवाज बदलण्याचा खरा परिणाम हाच. एकाच आवाजात वाचक ऐकणारा असतो, दोन आवाज झाले की तो निवाडा करणारा होतो. जपानी लेखक आकुतागावाच्या १९२२ च्या 'इन अ ग्रोव्ह' या छोट्या कथेचं (कुरोसावाच्या १९५० च्या 'राशोमोन' सिनेमाचं मूळ कथानक तिथलं) सगळं बळ यातच आहे, एकाच खुनाच्या सात कबुल्या नि जबान्या, आणि शेवटी कोण खरं ते लेखक सांगत नाही.

मराठीतली दोन उदाहरणं बहुतेकांनी वाचलेलीच असतात म्हणून घेतो. खांडेकरांची 'ययाति' १९५९ ची, तिच्यात ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने स्वतःची बाजू सांगतात. सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ ची, तिच्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण असे सहा जण बोलतात. दोन्हीकडे भाषा बरीचशी लेखकाचीच आहे, पात्रं बदलली तरी वाक्यांचा थाट तोच, हे कोणीही कान देऊन वाचलं तर कळतं. तरीही पिढ्यानपिढ्या वाचक त्यात गुंततात, मग माझं वरचं म्हणणं खोटं का? नाही, कारण तिथे प्रत्येकाकडची माहिती वेगळी आहे. कर्णाला जे ठाऊक नाही ते कुंतीला ठाऊक आहे, आणि वाचक ते ओझं घेऊन पुढच्या भागात कर्णाकडे परत येतो. शेवटचा भाग कृष्णाकडे आहे, तोही शोभेसाठी नाही, 'मी' म्हणून सांगणारा नायकच मेल्यावर पुढचं सांगणार कोण हा साधा अडचणीचा प्रश्न आहे, आणि उत्तर म्हणून असा माणूस निवडलाय ज्याला सगळं आधीपासून माहीत होतं. म्हणून शैली वेगळी करणं जमत नसेल तर निदान माहिती तरी वेगळी हवी. दोन्ही सारखं असेल तर मात्र ते आवाज एक करून टाका, अगदी निर्दयपणे.

सगळ्यांची भाषा मुद्दाम एकसारखी ठेवणारेही आहेत. व्हर्जिनिया वुल्फच्या १९३१ च्या 'द वेव्ह्ज'मध्ये सहा जण बालपणापासून म्हातारपणापर्यंत बोलतात आणि सहाही एकाच लयीत बोलतात, लहान मूलसुद्धा. पण तो हिशोब करून केलेला प्रकार आहे, सहा वेगळी माणसं एकमेकांत मिसळत जातात हेच तिला हवंय. तुमच्या ड्राफ्टमध्ये एकसारखेपणा आपोआप आलेला असेल तर वुल्फचं नाव पुढे करू नका, एडिटरला कळतं.

गोंधळाबद्दल सगळे घाबरतात, त्यावर जरा जास्त बोलतो. अमेरिकन लेखक फॉकनरच्या १९२९ च्या 'द साउंड अँड द फ्युरी' या कादंबरीचा पहिला भाग बेंजी नावाच्या पात्राचा. तो बौद्धिकदृष्ट्या अपंग आहे, त्याच्यासाठी काल आणि तीस वर्षांपूर्वी असा फरकच नाही, त्यामुळे कुंपणाच्या खिळ्यात कपडा अडकला की तो सरळ लहानपणी जातो आणि वाचकही न विचारता ओढला जातो. वर क्वेंटिन नावाची दोन माणसं आहेत, एक मामा आणि एक भाची. फॉकनरची इच्छा होती की काळ बदलतो तिथे वेगवेगळ्या रंगांची शाई वापरावी, त्या वेळी ते जमलं नाही, तिरक्या अक्षरांवर भागवलं. रंगीत शाईची आवृत्ती निघाली ती थेट २०१२ मध्ये. आणि गंमत अशी की त्यानेच पुढच्या वर्षी, १९३० मध्ये 'अ‍ॅज आय ले डाइंग' लिहिली, पंधरा जण बोलणारे, एकोणसाठ प्रकरणं, आणि प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर बोलणाऱ्याचं नाव ठळक छापलेलं. तोच लेखक. एकीकडे त्याला वाचक हरवायला हवा होता कारण बेंजी स्वतः हरवलेला आहे, दुसरीकडे पंधरा जणांच्या गर्दीत वाचक हरवून त्याला काही मिळणार नव्हतं. हाच प्रश्न स्वतःला विचारा, माझ्या वाचकाच्या गोंधळातून पात्राबद्दल काही कळतंय का? कळत असेल तर गोंधळ ठेवा आणि टीका सहन करा. नसेल तर नाव, तारीख, जागा सरळ वर छापा, त्यात कमीपणा काही नाही. माझ्याकडे येणाऱ्या लेखकांपैकी निम्म्यांना वाटतं की प्रकरणावर नाव टाकलं तर आपली कादंबरी बाळबोध होईल. ती बाळबोध असेल तर नाव काढून हुशार होणार नाही.

एकाच सांगणाऱ्याच्या आत शैली बदलणं हा वेगळा आणि मला तर जास्त अवघड वाटणारा प्रकार. नेमाड्यांची 'कोसला' १९६३ ची, तिचा नायक पांडुरंग सांगवीकर सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'मी'च आहे, पण मधेच डायरीच्या नोंदी येतात, मधेच इतिहासकाराच्या थाटातली टिंगल येते, आणि धाकटी बहीण मरते तिथे तोच तिरकस माणूस एकदम वेगळ्याच आवाजात बोलायला लागतो. तोपर्यंत सगळ्याची थट्टा करणारा हा माणूस तिथे थट्टा करू शकत नाही, हे आपल्याला कोणी सांगत नाही, वाक्यंच सांगतात. शैली बदलल्याचा वाचकावर सगळ्यात खोल परिणाम होतो तो असा, आधी एक सूर इतका पक्का कानात बसवायचा की तो तुटला की पोटात धस्स व्हावं. म्हणून ज्या कादंबरीत दर पाच पानांनी शैली बदलते तिथे तुटणारं काही उरतच नाही. आधी सवय लावा, मग मोडा. पहिली तीस-चाळीस पानं एका आवाजाला द्यायला माझी कधीच हरकत नसते.

कोर्टाच्या साक्षीचं प्रकरण म्हणजे रूपच बदलणं. पत्र, डायरी, रिपोर्ट, चॅट, सगळं यात आलं. याचं मला माहीत असलेलं उत्तम उदाहरण जेनिफर ईगनच्या २०१० च्या 'अ व्हिजिट फ्रॉम द गून स्क्वॉड'मध्ये आहे, तिथे एक पूर्ण प्रकरण पॉवरपॉइंटच्या स्लाइड्समध्ये आहे. ऐकायला चमकोगिरी वाटते. पण ते प्रकरण बारा वर्षांची मुलगी सांगते, आणि तिच्या भावाला गाण्यांच्या मधे येणाऱ्या क्षणभराच्या शांततांचं वेड आहे. आता रिकामी शांतता सलग गद्यात दाखवणार कशी, स्लाइड मात्र रिकामी सोडता येते. म्हणजे रूप कथेतूनच उगवलं. तुमच्या साक्षीच्या प्रकरणालाही हीच कसोटी लावा. साक्षीत माणूस फक्त विचारलेल्याचं उत्तर देऊ शकतो, स्वतःहून काही सांगू शकत नाही. जर भावाला किल्लीबद्दल सांगायचंय आणि वकील नेमकं ते सोडून सगळं विचारतोय, तर प्रश्नोत्तरांचं रूप सोनं आहे. पण जर साक्षीत तो लांबलचक उत्तरं देऊन मागची गोष्ट सांगत सुटला असेल तर ते फक्त फ्लॅशबॅकला काळा कोट घातल्यासारखं होतं.

बोलीबद्दल थोडं, कारण बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं. नायक प्रमाण भाषेत आणि कामवाली, ड्रायव्हर, गावाकडचा काका एवढेच बोलीत असं केलं की लेखकाने काही न म्हणताही वाचकाला उतरंड ऐकू येते. आणि बोलीत सांगणारा निवेदक घ्यायचा असेल तर प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग मोडू नका, वाक्याची ठेवण आणि दहा-पंधरा नेमके शब्द पुरतात, नाहीतर ती बोली ज्याची नाही तो वाचक अक्षरं सोडवत बसतो आणि ज्याची आहे त्याला आपली नक्कल केल्यासारखी वाटते.

आणखी एक परिणाम लेखकांच्या ध्यानात येत नाही तो म्हणजे आवडता आवाज. चार आवाज दिले की वाचक एक निवडणारच, आणि बाकीचे तीन तो वेटिंग रूममध्ये बसल्यासारखे वाचणार. हे टाळता येत नाही, वापरता मात्र येतं. डिकन्सच्या 'ब्लीक हाउस'मध्ये (१८५२-५३ मध्ये दर महिन्याला हप्त्याहप्त्याने छापलेली) दोन निवेदक आहेत, एक वर्तमानकाळात बोलणारा, सगळं शहर वरून बघणारा, बोचरा, आणि दुसरी एस्थर, भूतकाळात, 'मी' म्हणून, जरा जास्तच नम्र. काहींना एस्थर नकोशी वाटते, काहींना तीच हवी असते, पण पहिल्याने पेरलेल्या रहस्याचं उत्तर दुसरीच्या आयुष्यात आहे, त्यामुळे दोघांपैकी एकालाही गाळून पुढे जाता येत नाही. तुम्हीही आवडता आवाज थांबवताना काहीतरी अर्धवट ठेवून थांबवा आणि त्याचा धागा नावडत्या आवाजाच्या प्रकरणात सापडू द्या. मात्र दर वेळी टांगणीवर सोडलंत तर ती युक्ती तिसऱ्यांदा ओळखू येते.

तपासायचं कसं? माझी पद्धत साधी आहे. प्रत्येक आवाजाचं मधलंच एक पान काढतो, नावं खोडतो आणि ज्याने कादंबरी अर्धी वाचलीय अशा माणसाला कोण बोलतंय ते विचारतो. मग एकेका आवाजाची सगळी प्रकरणं सलग वाचतो, दुसरी मधे न घेता. असं वाचलं की एखाद्या आवाजाला स्वतःची गोष्टच नाही, तो फक्त दुसऱ्याची माहिती पुरवायला येतोय, हे उघडं पडतं. ऑडिओबुक निघण्याची शक्यता असेल तर एक प्रकरण मोठ्याने वाचून रेकॉर्ड करा, कारण तिरकी अक्षरं आणि वेगळा फॉन्ट ऐकू येत नाहीत, सगळा भार वाक्यांवर येतो.

तुमच्या ड्राफ्टपुरतं म्हणाल तर मी एवढं करून बघेन. मुलगी आणि भाऊ दोन्ही ठेवा, पण पहिली तीन प्रकरणं सलग मुलीला द्या म्हणजे तुमचा तो पहिला वाचक नीट बसेल, आणि चौथ्यात भाऊ वर्तमानकाळात आला की तो बदल कानाला जाणवेल. भावाचा वर्तमानकाळ सोडू नका, मागे वळून बघायला तयार नसलेल्या माणसाला तो शोभतो. आईची पत्रं मात्र निम्म्यावर आणा, आणि ती पत्रं वाचकासाठी लिहिल्यासारखी वाटता कामा नयेत, पत्र ज्याला लिहिलंय त्याला जे आधीच माहीत आहे ते आई परत समजावून सांगत बसणार नाही, तिथली वाक्यं आधी कापा. साक्षीचं प्रकरण शेवटाकडे न्या, आठ-दहा पानांच्या वर जाऊ देऊ नका, आणि भावाला एकही उत्तर दोन ओळींपेक्षा लांब देऊ देऊ नका. एवढं झालं की ड्राफ्ट तिसऱ्याच कोणाला तरी द्या, या दोघांना परत नको, त्यांना गोष्ट आता माहीत झालीय.